तांबड्या कार्डाची ऊब

आषाढ लागला की आमच्या भोरच्या घरात फ्रिजच्या मागे मोजे वाळत पडतात. पावसाला उघडीप नसते. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे वाळायचं सोडून कुबट होत जातात. मग घरात जिथे म्हणून थोडी धग असेल तिथे आम्ही काही ना काही लटकवतो. इन्व्हर्टरवर रुमाल, ओट्याच्या वर टांगलेली ओढणी, आणि फ्रिजमागे नवऱ्याचे मोजे. परवा सकाळी मोजे काढायला मागे हात घातला. मोजा कडकडीत वाळला होता आणि चांगलाच गरम होता. फ्रिज आपला घूं घूं करत उभा होता. घडलं ते एवढंच. शाळेत जाऊन नववीला नद्यांची खोरी शिकवली, डबा खाल्ला, स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढाही खाल्ला, पण कान मात्र त्या घूं घूं आवाजाशीच राहिले.

मी जन्माची भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर भाटघरजवळ. धरण भरत आलं की लोक हौसेनं पाणी बघायला जायचे आणि मी घरात पलंगावर पाय वर घेऊन बसायची. पालीला भिते, विजेला भिते, घाटात एसटीनं वळण घेतलं की समोरच्या सीटचा दांडा धरते. माझा नवरा दत्ता (लिहिताना एकेरी लिहिते, समोर बोलताना ‘अहो’च असतं) सगळ्यांना सांगत असतो, “हिला भ्यायला कारण लागत न्हाई, नुसती जागा लागती.” लोक हसतात, मीही हसते. पण त्या एका आषाढात मी सगळं आयुष्य पुरेल एवढं भ्याले. आणि एवढं भिऊनही जिथे भ्यायचं तिथे भ्यायचीच राहून गेले.

त्या वर्षी कोरोनामुळे शाळा बंद होत्या. दत्ताचं भोरमधलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकानही बंद होतं. आम्ही भाड्याच्या घराला कुलूप घातलं आणि सासरी, पालीला येऊन राहिलो. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. आता तालुक्याचं नावही राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच येतं. गडावर जाणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी सासऱ्यांनी वारण्याआधी घराला लागून एक लांबट खोली बांधली होती. पक्क्या भिंती, वर पत्रा, आणि भिंतीच्या कडेनं प्लगची एक लांब रांग, कारण शहरातली मुलं आली की जेवण मागायच्या आधी चार्जिंग मागतात. त्या वर्षी गडावर कुणी येत नव्हतं. खोली रिकामी, गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यात, आणि प्लगची ती रांग बिनकामाची भिंतीवर.

ती रांग बघूनच दत्ताच्या डोक्यात ते आलं असणार. त्यानं ग्राफिक्स कार्डं आणली. कॉम्प्युटरवर खेळ खेळणारी मुलं जे महागाचं कार्ड बसवतात ते. जाडजूड वहीएवढं, अंगावर दोन-तीन पंखे. त्यानं लोखंडी अँगलची एक मांडणी केली आणि त्यावर ती कार्डं शेजारी शेजारी टांगली, वायरींनी एकमेकांना आणि एका कॉम्प्युटरला जोडली. त्याला मायनिंग म्हणतात, म्हणजे खाणकाम. खाण मात्र कुठेही दिसत नाही. ही कार्डं अष्टौप्रहर कसली तरी अवघड गणितं सोडवत राहतात, आणि त्याच्या बदल्यात मोबाईलमध्ये कुठल्याशा परक्या नाण्याचा कण जमा होतो. मला त्यातलं तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. पण नवरा रिकामा बसून भिंतीकडे बघत होता तो कशात तरी गुंतला, याचंच मला बरं वाटलं.

त्याचा सगळा जीव कुठलं कार्ड चांगलं यात अडकला होता. एका कंपनीची कार्डं घरात ‘तांबडी’ झाली, दुसरीची ‘हिरवी’. शिवाय पुण्याहून दुसऱ्या हातचं एक जुनं आणलं होतं, ते मध्येच रुसून बंद पडायचं. मोठं तांबडं सगळ्यात जास्त काम करायचं, पण वीजही ढीगभर खायचं आणि तापायचं म्हणजे काय तापायचं. हिरवं बेतानं काम करायचं, बेतानं खायचं. जेवताना तोच विषय.

“तांबडं लई पळतंय, पर खातंय बी लई,” दत्ता भाताचा घास हातात तसाच धरून म्हणायचा. “एका युनिटमागं काम काढलं तर हिरवंच म्होरं जातंय.”

“मंग तांबडं इकून टाक की,” सासूबाई म्हणायच्या. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणते.

“न्हाई आये. एकट्याच्या ताकदीवर बगितलं तर त्येच पयलं हाय.”

मी भूगोल शिकवते. एकूण उत्पादन आणि हेक्टरी उत्पादन यातला फरक दरवर्षी फळ्यावर काढते. त्यामुळे या एका बाबतीत मला नवऱ्याचं बोलणं समजायचं आणि मी मध्येच एखादा शहाणपणाचा शब्द टाकायची. त्याला भारी आनंद व्हायचा. त्यानं एक युक्तीही शोधली होती. कार्डाला वीज जरा कमी पुरवायची. काम जवळपास तेवढंच होतं आणि कार्ड गार राहतं. पोरानं अक्षर सुधारून दाखवावं तसा तो मला कॉम्प्युटरवरचे आकडे दाखवायचा. खोलीच्या दोन्ही खिडक्या आणि दार उघडं असायचं. गडावरनं उतरणारं धुकं सरळ आत येऊन कार्डांच्या पंख्यांतून बाहेर जायचं. “पुण्यातली लोकं ह्याच्यासाठी एसी लावत्यात,” तो म्हणायचा, “आपल्याकडं फुकट हाय.”

माझी भीती तेव्हापासूनच सुरू झाली. वायरी बघून भीती वाटायची. पत्रा कुठे गळेल आणि पाणी कशावर पडेल याची भीती. त्या खोलीतून येणारा तो आवाज, अनेक पंख्यांचा मिळून एक, न थांबणारा. घरात कुठेही बसा, तो ऐकू यायचा. मधमाश्यांचं पोळं भिंतीत असावं तसा. थोड्या दिवसांनी कान सरावतात म्हणतात. माझे सरावले नाहीत, पण मी तसं सांगायचं सोडलं.

आत्यांना मात्र त्या खोलीचा शोध वेगळ्याच वाटेनं लागला. भात लावणीचे दिवस होते. सगळं गाव चिखलात. माणसं संध्याकाळी घरी यायची ती नखशिखान्त भिजून, आणि दुसऱ्या दिवशी तेच ओले कपडे अंगावर चढवायची. चुलीवर किती वाळवणार? एका दुपारी आत्यांनी पदराला हात पुसत पुसत त्या खोलीत डोकावलं, मोठ्या तांबड्या कार्डासमोर हात धरला, आणि काही न बोलता जाऊन दोरी घेऊन आल्या. संध्याकाळी दत्ता बघतो तर त्याच्या मांडणीसमोर लुगडी, परकर, टॉवेल, घोंगडं, सगळं एका रांगेत.

“आये, पाणी गळंल ना त्याच्यावर!”

“पिळून घातलंय. मला शिकवू नगंस.”

मग त्यांनीही कार्डांची तुलना केली, स्वतःच्या पद्धतीनं. तांबड्यासमोर घोंगडं दुपारपर्यंत वाळतं. हिरव्यासमोर टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच. जुन्यासमोर काही घालूच नये, त्याचा भरवसा नाही. “तुजं हिरवं काय कामाचं न्हाई,” त्यांनी निकाल दिला. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. खिडकी उघडी असली की कपडे पुन्हा सर्द होतात, म्हणून त्या येता-जाता खिडकी ओढून घ्यायच्या. दत्ता उघडायचा, त्या लावायच्या. घरात हा एक खेळच झाला होता.

त्याच आषाढात शीतल बाळंतपणाला आली. शीतल माझी नणंद, सासर वरवे बुद्रुकचं. पहिलंच बाळंतपण. मुलगी झाली, सुखरूप झाली, फक्त वजनाला जरा कमी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला उबेत ठेवा, अंगावरचं दूध वरचेवर पाजा. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या होत्या. घरी पोचेपर्यंत आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पहिली तेवढी राहिली.

कारण आमच्याकडे बाळंतीण म्हटलं की ऊबच. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा-शेपेची धुरी, कानाला फडकं, दार-खिडकी बंद. वारा लागता कामा नये. आणि वेल्ह्याच्या आषाढात तर घराच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात, अंथरुणात शिरलं तरी पाण्यात शिरल्यासारखं वाटतं. आत्यांनी बाज उचलायला लावली आणि ती सरळ कार्डांच्या खोलीत नेऊन ठेवली. “धूर न्हाई, राख न्हाई, नुसती ऊब,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आणि खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. बंद खोलीत कोळशाच्या धुरानं माणसं गुदमरतात हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, मी शेगडीलाच भिऊन होते. शेगडी टळली म्हणून मी देवाला हात जोडले.

दत्तानं आपल्या युक्तीनं तांबड्याला गार ठेवलं होतं. आत्या म्हणाल्या, “जरा वाढव की रं ते. पोर बारीक हाय.” त्यानं वाढवलं. वीज पुरी दिली. कार्डाचे पंखे आणखी वरच्या सुरात गेले. भाचीला ऊब आणि शिवाय नाण्याचा जास्तीचा कण. त्याला काय, एका दगडात दोन पक्षी. कुठलंही कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त तापलं की त्याचा मोबाईल कर्कश ओरडायचा, तशी सोय त्यानं करून ठेवली होती. कार्ड तापू शकतं तेवढं त्या पोरीनं तापायचं नसतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आकडे सगळे कार्डांचे होते. खोलीचा एकही नव्हता.

मी त्या दिवसांत काय काय भ्याले! आग लागेल म्हणून भ्याले. वाळूची बादली भरून दाराशी ठेवली. शॉक बसेल म्हणून बाजेचे पाय लाकडी आहेत ना, हे वाकून बघितलं. उंदीर वायर कुरतडेल म्हणून कोपरे झाडले. पण सगळ्यात मोठी भीती होती लाइट जाण्याची. आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. लाइट गेली की पंखे थांबणार, कार्डं गार पडणार, आणि बाळ एकदम गारठणार. त्यासाठी मी थर्मासमध्ये गरम पाणी, रबरी पिशवी, दोन गोधड्या अशी जय्यत तयारी करून ठेवली होती. वारा सुटला की माझी नजर खांबावरच्या तारेकडे जायची. तार हलली की काळीज हलायचं.

आणि बाळ? बाळ गुणी होतं. पहिले काही दिवस रडायची, मग रडेनाशी झाली. नुसती झोपून असायची. बघायला येणाऱ्या बायका बोटं मोडून तिची दृष्ट काढायच्या. “गाल बगा कसं लाल लाल!” “आईला तरास न्हाई पोरीचा.” “लंगोट बी ओलं करत न्हाई सारखं सारखं, शानी हाय.” शीतलला दरदरून घाम यायचा. आत्या खूश, घाम निघाला म्हणजे अंगातला वात निघाला. शीतल एकदा मला हळूच म्हणाली, “वैनी, मला लई गरम हुतंय वो हितं.” मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हटलं, “थोडे दिवस सोस गं, बाळासाठी.” तिनं मान हलवली. ती तरी काय करणार, पहिलटकरीण, आणि समोर आई आणि वहिनी दोघी एका सुरात बोलणाऱ्या.

त्या खोलीत आत्यांची दोरी होती, हे सांगितलंच. तिच्यावर आता लंगोट असायचे. सुरुवातीला दोरी लंगोटांनी भरून जायची. मग निम्मी. मग दोरीवर इकडे एक, तिकडे एक. मी ते रोज बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती दोरी रिकामी होत गेली. मला वाटलं, तांबडं चांगलं काम करतंय, लगेच वाळतात म्हणून आत्या लगेच काढून ठेवतात. मी दत्ताला कौतुकानं सांगितलंसुद्धा. आजही वर्गात फळा पुसताना, भाजी निवडताना, कधीही, ती दोरी माझ्या डोळ्यांपुढे येते आणि हात थांबतो.

मग ती दुपार. सकाळपासून आभाळ इतकं उतरलं होतं की गड सोडा, समोरचा आंबाही दिसेना. वारं वेडंवाकडं सुटलं होतं. माणसं लावणीवर गेली होती. घरात आत्या, शीतल, दत्ता आणि मी. मी ओसरीत उभी राहून तारेकडेच बघत होते. लांब कुठेतरी मोठा आवाज झाला, खांब पडला की झाड, देव जाणे. आणि लाइट गेली.

तो आवाज थांबला. इतके दिवस भिंतीत घोंघावणारं ते पोळं एका क्षणात गप्प झालं. मी इतकी घाबरले की थर्मास उचलताना हातातून निसटला. गोधड्या घेऊन खोलीकडे धावले. माझ्या मागून दत्ता धावला. तो कार्डांसाठी धावत होता, एकदम बंद पडल्यानं काही जळलं की काय म्हणून. दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. बाहेरून आल्यामुळे मला ती पहिल्यांदाच नीट कळली. भाकरीच्या तव्यावर वाकल्यावर येते तशी झळ होती ती.

खोलीत पूर्ण शांतता होती. पंखे नाहीत, काही नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, पण खोलीच्या आत काहीच वाजत नव्हतं. आणि त्या शांततेत मला समजलं की मी बाळाचा आवाज ऐकायला कान दिलेत आणि तो येत नाही. रडणं सोडा, चाळवल्याचा, चुळबुळीचा, काही नाही. शीतल बाजेवर गुंगीत पडली होती, आत्या शेजारी बसल्या होत्या. मी गोधडी टाकायला वाकले. आत्यांनी टाळूवर तेल घालायला म्हणून हात पुढे केला होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

“टाळू बसलीया,” त्या म्हणाल्या. टाळूचा मऊ भाग आत खोल गेला होता.

त्यांचा आवाज मी आधी कधी तसा ऐकला नव्हता. नंतरही नाही.

“दत्ता, खिडकी उगड. समदी उगड. दार उगड!” त्यांनीच बाळाच्या अंगावरची फडकी ओढून काढली, एकाखाली एक, कानाचं, पोटाचं, पायाचं. बाळाचं अंग कोरडं आणि कढत होतं. ओठ सुकलेले. मी गोधडी हातात घेऊन उभी होते, पांघरायला आणलेली गोधडी. जिला आम्ही गारठ्यापासून जपत होतो ती पोर उकाड्यानं वाळून चालली होती.

दत्तानं खिडक्या ढकलल्या. धुकं आत आलं, गडावरचं गार, ओलं वारं आलं. शीतलनं बाळाला छातीशी धरलं, ते ओढेना. आत्यांनी वाटी घेतली, दूध वाटीत पिळायला लावलं आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब ओठांवर सोडायला लागल्या. थेंब ओघळून हनुवटीवर यायचा. पुन्हा थेंब. पुन्हा ओघळायचा. मी बाळाच्या तळपायाला बोटानं टिचक्या मारत होते. कुणी सांगितलं होतं म्हणून नाही, मला दुसरं काही सुचत नव्हतं. दत्ता मांडणीला टेकून उभा होता. त्याच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर सगळी कार्डं बंद दाखवत होती. तो मोबाईल त्यानं कुठे ठेवला ते नंतर कितीतरी वेळ सापडलं नाही.

मग जिभेचं टोक हललं. एक थेंब आत गेला. दुसरा गेला. आणि बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडलं. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा आवाज. शीतल मोठ्यानं रडायला लागली, आत्या “रड, रड माजे बाय” म्हणत राहिल्या. मी खाली बसले ती बसलेच.

जीप मिळवून वेल्ह्याला दवाखान्यात नेलं. बाळाच्या अंगातलं पाणी उतरलं होतं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी आमचं ऐकून घेतलं, मग म्हणाले, “ऊब द्या म्हणजे भट्टीत ठेवा असं नाही हो. आणखी थोडा उशीर झाला असता तर...” बाहेरच्या बाकावर आत्या मांडीवर हात टाकून बसल्या होत्या. ओल्या लुगड्याचं पाणी खाली ठिबकत होतं. मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला तरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “म्या माजी समदी पोरं शेगडीवर वाढीवली. पर निखारा आपसूक इझतो गं. राख धरती त्याला. ह्ये इझतच न्हवतं.”

मी त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

बाळ वाचलं. घरी आलं, ओसरीतल्या साध्या बाजेवर झोपलं, रडून रडून घर डोक्यावर घेऊ लागलं, आणि दोरी लंगोटांनी भरून गेली. ओसरीत ते लंगोट वाळायचे नाहीत, कुबट वास यायचा, आत्या ते चुलीच्या वर एकेक धरून शेकवत बसायच्या. एकदाही कुणी कुरकुर केली नाही. दत्तानं कार्डं पुन्हा सुरू केली नाहीत. हळूहळू विकून टाकली. पुढच्या वर्षी त्या नाण्याची रीतच बदलली म्हणे आणि तसल्या कार्डांचं काम संपलं. कुठलं पहिलं आणि कुठलं दुसरं, या त्याच्या तुलनेला आता कुणी विचारत नाही. आणि ज्या लाइट जाण्याला मी सगळ्यात जास्त भ्याले, त्यानंच त्या दिवशी पोरीला वाचवलं. या गोष्टीचं मी अजून काय करू ते मला कळत नाही. तेव्हापासून मला माझ्या भीतीचाही भरवसा वाटत नाही. पूर्वी निदान असं वाटायचं, आपण भितो आहोत म्हणजे आपण सावध आहोत.

मोठं तांबडं तेवढं विकलं गेलं नाही. ते पालीच्या फडताळात पडून आहे. त्या पोरीचं नाव ईश्वरी. आता ती बालवाडीत जाते. आषाढात शीतलबरोबर पालीला आली की पहिल्यांदा ते कार्ड काढायला लावते आणि बोटानं त्याचे पंखे फिरवत बसते. एक फिरवला की तो थांबायच्या आत दुसरा. तिला ते फार आवडतं. ती बोलकी आहे, हट्टी आहे, पण कधी कधी खेळता खेळता एकदम गप्प होते, मुलं होतात तशी. तेव्हा मी हातातलं काम टाकून जाते आणि तिच्या मानेला हात लावून बघते. “मामी, तू सारखी काय बगती गं?” ती विचारते. मी म्हणते, “काही नाही, केस बघत होते.”

गेल्या रविवारी आम्ही सगळे पालीला होतो. ट्रेकरांच्या खोलीत पुण्याची मुलं उतरली होती. प्लगच्या रांगेत त्यांचे मोबाईल लागले होते. दुपारीच अंधारून आलं होतं, वारं सुटलं होतं. ईश्वरी मधल्या घरात कार्ड घेऊन बसली होती. आत्या ताक घुसळत होत्या. मी भाकरी टाकत होते. आणि लाइट गेली.

मधल्या घरात एकदम काळोख झाला. क्षणभर काहीच आवाज नाही. रवी थांबली, माझा हात पिठात थांबला. मग ईश्वरीनं भोकाड पसरलं. अंधाराला भ्याली होती, अगदी घशाच्या तळापासून. शीतल बाहेरून ओरडली, “वैनी, घ्या की वो तिला, भ्यालीया!” मी उठायला लागले तर आत्यांचा ताकाचा ओला हात माझ्या मनगटावर आला.

“थांब वाईच,” त्या म्हणाल्या. “रडू दे.”

आम्ही दोघी चुलीपाशी तशाच बसून राहिलो आणि तिचं रडणं ऐकत राहिलो.